मधली बावीस वर्षं

बेलापूरला कोर्टाच्या बाहेर
निळ्या छत्रीखाली बसणारा टायपिस्ट विचारतो,
गॅपचं कारण काय टाकू?
मी म्हणते, काय काय चालतं?
‘घरगुती’ टाका ताई, बायकांना तेच चालतं.

तर स्टॅम्पपेपरवर
मी, दमयंती बाळाराम मढवी, वय त्रेचाळीस,
राहणार घणसोली गाव,
सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की
मधल्या बावीस वर्षांत
मी कुठेही शिक्षण घेतलेलं नाही.

खोटं आहे.
पण सही केली.

वॉर्ड ऑफिसात, जन्म-मृत्यूच्या खिडकीत,
सतरा वर्षं लोकांच्या नावांची स्पेलिंगं दुरुस्त केली मी.
एकदा एक बाप आला.
मुलीच्या नावात एक ‘ए’ कमी पडलाय म्हणाला,
शाळेच्या वह्यांवर ती दोन लावायची.
दाखला मृत्यूचा होता.
मी दुसरा ‘ए’ लावला, शिक्का मारला,
पुढचा नंबर पुकारला.

त्या रात्री ओट्याशी उभी राहून
कुकर थंड होईपर्यंत पहिली गोष्ट लिहिली.
बारा पानं झाली.
बाप कुठेच उतरला नाही.

एका दिवाळी अंकाने ती परत पाठवली.
कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलं होतं,
तुमचं निवेदन फार लवकर रडतं.
तीन वर्षं मी त्या पेन्सिलीशी भांडले,
भाजी निवडताना, इस्त्री करताना,
खिडकीतून सुटे पैसे परत देताना.
मग एक दिवस भांडण संपलं.
पेन्सिलीचं बरोबर होतं.

दीर विचारतो, लिहितेस मराठीत
आणि एम.ए. इंग्रजीत?
प्रमोशन आहे का काही?
नाही.
मग?
मी ताटात आमटी वाढते.
त्याला कसं सांगू,
ज्या भाषेत मला रडायला येत नाही
त्या भाषेत एकदा उभं राहून
त्या बापाकडे बघायचंय.

रविवारी वाशीला वर्ग.
शेजारच्या बाकावरची मुलगी मला मॅम म्हणते,
मग पेन मागते, मग चार्जर.
वर्गीस मॅडमनी पहिला निबंध परत दिला
तेव्हा पानाला गोवर आल्यासारखा दिसत होता,
सगळीकडे लाल वर्तुळं, आत काहीच नाही.
‘द’ राहिलाय, त्या म्हणाल्या.
एकेचाळीस ठिकाणी.

आपल्याकडे नसतोच तो.
घर म्हणजे घर,
कुठलं, ते ऐकणाऱ्याला ठाऊक असतं,
तो आपल्याच आळीतला असतो.
इथे ऐकणारा परका.
त्याला बोट धरून न्यावं लागतं,
ही खिडकी.
हा बाप, ह्याच्या शर्टाचं दुसरं बटण पांढऱ्या दोऱ्याने शिवलेलं.
हा एक जास्तीचा ‘ए’.
शाळेत शिकले होते, द दौतीचा.
दौत अजून पाहिलेली नाही.

दुसरा निबंध होता गावावर.
खाजणाला शब्द शोधला,
डिक्शनरीत निघाली दलदल.
आईला वाचून दाखवलं तर भडकलीच,
दलदल? अगो, तुजा बापूस भात पिकवाचा तय!
आता तिथे सेक्टर आहे,
सेक्टरला नंबर आहे,
कुणालाच काही सांगावं लागत नाही.

मी डिक्शनरी मिटली.
इंग्रजी अक्षरांत लिहिलं, खाजण.
पुढ्यात त्यांचा ‘द’ ठेवला, न विसरता.
मॅडमनी त्याला वर्तुळ केलं नाही.
समासात फक्त, अजून सांगा.

सोमवारी दहाला खिडकी उघडली.
पहिल्याच बाईने फॉर्म सरकवला,
घाबरत म्हणाली, स्पेलिंग चुकलं असेल.
स्पेलिंग नंतर, मी म्हटलं.
आधी नाव सांगा.
कोणी ठेवलं, तेही.